टिकटिक करणारा डबा

२०१९ च्या फेब्रुवारीत आमच्या गल्लीतल्या एका तीनमजली घरावर मोबाईलचा टॉवर उभा राहिला. घरमालकाला दरमहा भाडं मिळणार होतं, बाकीच्या गल्लीला काय मिळणार यावर चर्चा सुरू झाली. जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर चपला शोधताना हाच विषय. रेडिएशन येतं म्हणे. चिमण्या गेल्या, आता माणसं जाणार. कुणाला कॅन्सर, कुणाला डोकेदुखी, कुणाची झोप उडाली.

मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलाय. सोलापुरात यंत्रमाग कारखान्यांमधल्या कंट्रोल पॅनेलची दुरुस्ती करतो. त्यामुळे गल्लीत माझी ओळख ‘वायरवाला’ अशी आहे. शेजारचे चाचा एक दिवस दारात येऊन म्हणाले, “बेटा, तू इतकं शिकलास. ते रेडिएशन मोजायचं मशीन बनवता येतं का? आकडा हातात असला तर महापालिकेत निवेदन देता येईल.”

मला हे काम आवडलं. खरं सांगायचं तर चाचांनी विचारायच्या आधीपासूनच मला ते यंत्र बनवायचं होतं. आता निमित्त मिळालं.

रेडिएशन मोजायच्या या यंत्राचा जीव म्हणजे एक नळी. तिला गायगर-म्युलर ट्यूब म्हणतात. हान्स गायगर आणि वाल्थर म्युलर या दोन जर्मन शास्त्रज्ञांनी १९२८ साली ती तयार केली. मी मागवली ती जुन्या सोव्हिएत बनावटीची, एसबीएम-२०. बोटाएवढी जाड, जेमतेम अकरा सेंटिमीटर लांब, आत निऑनसारखा वायू. बाहेरच्या धातूच्या नळीत आणि मधल्या तारेत साधारण ४०० व्होल्टचा दाब ठेवायचा. एरवी काही होत नाही. पण किरणोत्साराचा एखादा कण किंवा किरण आतून गेला की वायूच्या अणूतला इलेक्ट्रॉन उपटला जातो, तो पुढच्या अणूवर आदळतो, तिथून आणखी इलेक्ट्रॉन सुटतात आणि क्षणभर वीज वाहते. एक ठोका. त्या ठोक्याला बझर जोडला की ‘टिक’ असा आवाज येतो. मिनिटात किती टिक झाल्या, हे मोजायचं. बस, एवढंच यंत्र.

पाच व्होल्टचे ४०० व्होल्ट करणारं सर्किट मी स्वतः जोडलं. एकदा झटकाही खाल्ला. मोजणीला आर्डुइनो बोर्ड, आकडे दाखवायला छोटा डिस्प्ले आणि हे सगळं चिवड्याच्या प्लॅस्टिकच्या डब्यात. मार्चच्या एका रात्री इशाच्या नमाजनंतर डबा पहिल्यांदा बोलला. टिक. मग बराच वेळ काही नाही. टिक टिक. पुन्हा शांत. टिक.

अम्मी बाजूलाच विड्या वळत बसली होती. तिने सुपातून मान वर केली.

“ये क्या है रे?”

मी सांगितलं, की हे आकाशातून, जमिनीतून, भिंतीतून येणारे किरण आहेत. ते कायम येत असतात. आज फक्त ऐकू आले.

“हमारे घर में?”

“सगळ्यांच्या घरात, अम्मी. आपल्या अंगातूनसुद्धा.”

हे खरं आहे. आपल्या शरीरातल्या पोटॅशियममध्ये पोटॅशियम-४० नावाचा किरणोत्सारी भाग अगदी अल्प असतो. तरी मोठ्या माणसाच्या शरीरात त्याचे दर सेकंदाला चारेक हजार अणू फुटतात. जगभरात माणसाला नैसर्गिक किरणोत्साराची मात्रा सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मिळते. केरळच्या किनाऱ्यावर मोनाझाइटची वाळू आहे, तिच्यात थोरियम असतं, तिथे काही गावांत ही मात्रा याच्या कितीतरी पट आहे आणि लोक पिढ्यान् पिढ्या राहतात. अम्मीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “अल्लाह का निजाम है. लेकिन ये टिकटिक बंद कर.”

पुढचे काही दिवस मी तो डबा घेऊन लहान पोरासारखा फिरलो. कमी सोडियमचं मीठ मिळतं ना, त्यात पोटॅशियम असतं. त्याच्या पुडीवर ट्यूब टेकवली की टिकटिक किंचित वाढायची. रिक्षा-मोटारसायकलवर नावं चिकटवणारा ‘रेडियम’वाला आमच्या कोपऱ्यावर आहे. त्याच्या दुकानातल्या सगळ्या गुंडाळ्यांवर डबा धरला. काहीही नाही. त्याच्या ‘रेडियम’मध्ये रेडियम नसतं, ते फक्त प्रकाश परतवणारं प्लॅस्टिक असतं. तो म्हणाला, “भाई, बोर्ड बदलायला लावू नको.”

मामूंचं भंगाराचं दुकान आहे. त्यांनी स्वतःहून बोलावलं. २०१० साली दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-६० असलेलं एक जुनं यंत्र भंगारात आलं होतं. कामगारांनी ते तोडलं. अनेकजण भाजले आणि एकाचा जीव गेला. भंगारवाल्यांच्या धंद्यात ही गोष्ट अजून सांगितली जाते. मामूंच्या लोखंडाच्या ढिगाभोवती मी तासभर फिरलो. आकडा घरच्यासारखाच. मामूंनी चहा पाजला आणि पुढच्या महिन्यात परत यायला सांगितलं. माझ्या डब्याचं सगळ्यात कामाचं गिऱ्हाईक तेच होते.

एका ठिकाणी मात्र डबा अक्षरशः किंचाळला. आमच्याच घरात, अम्मीच्या खाटेखाली.

अब्बा हयात असताना वरातीला गॅसबत्त्या भाड्याने द्यायचे. डोक्यावर बत्ती घेऊन चालणारी माणसं, मागे बँड, पुढे घोडा. नंतर जनरेटर आले, हॅलोजन आले, धंदा बसला. अब्बांच्या इंतकालनंतर त्या बत्त्या विकल्या गेल्या, पण मेंटलच्या पुड्यांची एक पत्र्याची पेटी राहिली. गॅसबत्तीचं मेंटल म्हणजे ती जाळीदार पिशवी, जी पेटल्यावर पांढरीशुभ्र चमकते. कार्ल आउअर या ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ती बनवली. तिच्यात ९९ टक्के थोरियम ऑक्साइड आणि एक टक्का सेरियम असायचं. हल्ली बऱ्याच ठिकाणी थोरियमऐवजी दुसरे पदार्थ वापरतात, पण अब्बांची पेटी जुन्या मालाची होती. मिनिटाला वीसच्या आसपास रेंगाळणारा आकडा पुड्यांवर अडीचशेच्या पुढे गेला.

मी बराच वेळ त्या पेटीपुढे बसून होतो. अब्बा फुफ्फुसाच्या आजाराने गेले. मेंटल पेटवताना सुरुवातीला धूर येतो, जुनं मेंटल हाताने झटकलं की पांढरी पूड उडते. त्यांनी हजारो झटकली असतील. ती पूड श्वासातून आत जाणं चांगलं नाही, हे खरं. पण ते दिवसाला दोन बंडल विडीही ओढायचे, तीही अम्मीच्या हातची, कारखान्याने नापास केलेल्या छाटातली. तंबाखूतही पोलोनियम-२१० नावाचा किरणोत्सारी पदार्थ अत्यल्प असतो. त्याचे अल्फा कण माझ्या ट्यूबच्या भिंतीतून आत जाऊच शकत नाहीत. म्हणजे अम्मीच्या सुपावर मी डबा कितीही वेळ धरला असता, तरी त्यातलं पोलोनियम मला दिसलं नसतं. धुरातल्या बाकीच्या विषाचं तर विचारूच नका. अब्बा कशाने गेले, हे सांगायची ताकद या डब्यात नव्हती. मी पेटी नीट बंद केली, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळली आणि माणसांच्या वावरापासून लांब, जिन्याखालच्या कपाटात ठेवली. अम्मीला एवढंच सांगितलं की जागा लागणार होती.

मग टॉवरची पाळी आली. चाचा आणि गल्लीतले चारपाच जण मला घेऊन गच्चीवर गेले. मी आधीच सांगितलं होतं की हा डबा टॉवरसाठी नाही. अणूतला इलेक्ट्रॉन उपटून काढण्याइतकी ताकद असलेल्या किरणांनाच ही ट्यूब ओळखते. मोबाईलच्या लहरी त्या जातीच्या नाहीत. त्यांचा ठाऊक असलेला परिणाम म्हणजे ऊब, आणि त्यावरूनच मर्यादा ठरवल्या जातात. आपल्या देशाने १ सप्टेंबर २०१२ पासून ती मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०११ मध्ये या लहरींना ‘कदाचित कॅन्सरकारक’ अशा यादीत ठेवलं, हेही मी त्यांना सांगितलं. लपवलं काही नाही. त्या लहरी मोजायचं यंत्र वेगळं असतं. पण सगळे म्हणाले, बघू तरी.

घरात दहा मिनिटांत १९८ ठोके आले होते. गच्चीवर दहा मिनिटांत २१२.

“वाढलं ना!” चाचा म्हणाले. “एकशे अठ्ठ्याण्णवचं दोनशे बारा. हेच लिहायचं.”

मी म्हणालो, “चाचा, हे वाढणं नाही.” किरणोत्साराचे ठोके घड्याळासारखे नियमित पडत नाहीत, पावसाच्या पहिल्या थेंबांसारखे पडतात. दहा मिनिटांत दोनशेच्या आसपास ठोके येत असतील तर दोनशेचं वर्गमूळ, म्हणजे साधारण चौदा, एवढा फरक आपोआप पडतोच. खाली पुन्हा मोजलं तर २०९ येतील, वर पुन्हा मोजलं तर १९०. मी तिथेच पुन्हा मोजून दाखवलं. १९४ आले. चाचांचा चेहरा पडला.

“पण पहिला आकडा खोटा तर नव्हता?”

“नाही.”

“मग पहिलाच लिही.”

मराठीत ‘मापात पाप’ म्हणतात. दुकानदाराने काटा मारला की आपण चिडतो. मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की काटा न मारतासुद्धा पाप करता येतं. खरा आकडा उचलायचा आणि त्याच्या शेजारचा दुसरा खरा आकडा झाकायचा. मी नकार दिला. जिन्यावरून उतरताना मागून कुणीतरी म्हणालं, टॉवरवाल्याने याला काहीतरी दिलं असणार.

चाचांना रात्री झोप यायची नाही, हे मात्र खरं होतं. कारण त्यांच्या खिडकीसमोर टॉवरचा जनरेटर होता. वीज गेली की तो भडभडायचा आणि धूर थेट खोलीत. मी त्यांना म्हणालो, हे लिहू या. किती वाजता सुरू होतो, किती वेळ चालतो, रोज टिपून ठेवू. महिनाभराची नोंद जोडून निवेदन दिलं. काही महिन्यांनी जनरेटरला आवाज दाबणारी पेटी बसली, धुराड्याचं तोंड वळवलं गेलं. टॉवर आहे तिथेच आहे. पण चाचांनी माझ्याशी बोलणं सोडलं ते सोडलंच.

याच दिवसांत आणखी एक गोष्ट घडली. ती लिहावी की नाही, याचा मी बराच विचार केला.

एप्रिलमध्ये लोकसभेच्या निवडणुका होत्या. सोलापूरचं मतदान १८ एप्रिलला होतं. गल्लीच्या तोंडाशी बंदोबस्त होता. एका संध्याकाळी एक हवालदार दारात आले. म्हणाले, तुमच्या घरातून टिकटिक आवाज येतो अशी खबर आहे. तारा, सर्किट, परदेशातून पार्सल. काय चालतं?

मी डबा आणला, झाकण उघडलं. प्रत्येक भाग दाखवला, ट्यूबच्या पार्सलची पावती दाखवली. कमी सोडियमच्या मिठाची पुडी आणून ती ट्यूबला टेकवली आणि टिकटिक वाढलेली ऐकवली. हवालदार वाईट माणूस नव्हते. त्यांना मौज वाटली. त्यांनी विचारलं, माझ्या मोबाईलवर धरून बघ. धरलं. काही नाही. हसले. अम्मीने दिलेलं सरबत प्यायले. मग खिशातून डायरी काढून माझं नाव, वडिलांचं नाव, धंदा आणि नंबर लिहून घेतला. “काही नाही, आपलं नोंद म्हणून.” आणि गेले.

एवढंच. कुणी ओरडलं नाही, कुणी हात लावला नाही. तरी त्यानंतर दोन रात्री अम्मी झोपली नाही. गल्लीत गाडी थांबली की उठून बसायची. २०१५ साली अमेरिकेत टेक्सासमधल्या अर्विंग गावात अहमद मोहम्मद नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाने घरी बनवलेलं घड्याळ शाळेत नेलं होतं. त्याला बेड्या घालून नेलं गेलं, कारण ते घड्याळ बॉम्बसारखं वाटलं. नंतर राष्ट्राध्यक्षांनी त्याला भेटीला बोलावलं वगैरे. मी ती बातमी वाचली तेव्हा हसलो होतो. वाटलं होतं, तिकडची गोष्ट.

अम्मी म्हणाली, “बेटा, दुसऱ्याच्या पोराने वाजवलं तर खेळणं असतं. तू वाजवलंस तर काय असतं, ते मी का सांगू?”

मी बझरच्या दोन तारा कापल्या. डबा चालू राहिला, आकडे दिसत राहिले, आवाज गेला. खबर कुणी दिली ते मी शोधलं नाही. अम्मी बदगुमानीला गुनाह मानते. पुराव्याशिवाय एखाद्याबद्दल वाईट धरून बसू नये, असं तिने आम्हाला लहानपणापासून शिकवलंय. तसंही, माझ्याबद्दल कुणीतरी बदगुमानी केली म्हणून मीही तेच करायचं, हे काही बरोबर नव्हतं.

७ मेला रमजान सुरू झाला. सोलापूरचा मे महिना ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. पारा चाळिशीच्या वर, रोजा चौदा तासांहून जास्त. आमचं घर जुनं, पुढची खोली स्लॅबची, मागची पत्र्याची. अम्मी मागच्या खोलीत बसून विड्या वळते. मांडीवर सूप, सुपात भिजवून कापलेली तेंदूची पानं आणि तंबाखू. दिवसाला हजार विड्या पुऱ्या करायच्या, तेव्हा कुठे कारखान्यात माल देता येतो. आणि विडी वळताना पंखा बंद ठेवावा लागतो, नाहीतर तंबाखू उडते. हे मी जन्मापासून पाहत आलोय, त्यामुळे कधी पाहिलंच नव्हतं.

बाराव्या रोज्याला असरच्या वेळी अम्मी सूप घेऊनच कलंडली. आपाने हाक मारली तेव्हा ती बोलत होती, पण जीभ जड, अंग तापलेलं आणि कोरडं. आम्ही तिला पुढच्या खोलीत आणलं, ओल्या कापडाने पुसलं, पंखा लावला, रिक्षाने डॉक्टरकडे नेलं. सलाईन लागलं. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलंय, थोडक्यात वाचल्या, त्यात बीपीची गोळी चालू आहे. अम्मी म्हणत होती, “मैं तो धूप में गईच नहीं.”

ती उन्हात गेलीच नव्हती. तेच तर होतं.

त्या रात्री माझ्या लक्षात आलं की तीन महिने मी घरातलं रेडिएशन मोजत होतो आणि अम्मीच्या खोलीत साधा तापमापक लावला नव्हता. तापमानाचा सेन्सर माझ्या खणात पडून होता. डीएस१८बी२०, तांदळाच्या चार दाण्यांएवढा, तीन पायांचा, ट्यूबच्या किमतीपुढे त्याची किंमत म्हणजे चहापाणी. दुसऱ्या दिवशी तो जोडला. पहिला आकडा आला ८५ अंश! घाबरू नका. हा सेन्सर चालू झाल्या झाल्या, मोजणी पुरी व्हायच्या आत वाचला तर ८५ असंच उत्तर देतो. मग इफ्तारच्या सरबतासाठी आणलेला बर्फ कुटून त्यात बुडवला. ०.३ दाखवलं. अर्ध्या अंशाची चूक कंपनी स्वतःच मान्य करते, म्हणजे ठीक होतं.

तीन सेन्सर लावले. एक खाटेच्या उंचीवर, सावलीत, हवेसाठी. एक पत्र्याला आतून चिकटवलेला. तिसरा पिंगपाँगच्या चेंडूत. चेंडूला भोक पाडून सेन्सर आत सोडायचा आणि बाहेरून काळा रंग द्यायचा. काळा चेंडू आजूबाजूच्या तापलेल्या वस्तूंकडून येणारी उष्णता शोषून घेतो. माणसाचं अंग तेच करतं. म्हणून हवेच्या तापमानापेक्षा चेंडूचं तापमान माणसाचे हाल जास्त खरे सांगतं.

दुपारी तीन वाजता हवा ४१.२ अंश. पत्रा ५८. चेंडू ४५.८.

मी ते आकडे पुन्हा पुन्हा पाहिले. पत्रा हाताने लागत नव्हता, दिसत नव्हता, आवाज करत नव्हता. पण वरून तो अम्मीच्या डोक्यावर, पाठीवर सतत किरण टाकत होता. वस्तू जितकी तापते तितके तिचे उष्णतेचे किरण वाढतात, आणि साधेसुधे नाही, चौथ्या घाताने वाढतात. विज्ञानाच्या पुस्तकात यालाही रेडिएशनच म्हणतात. गल्ली म्हणत होती ते खरंच होतं, घरात रेडिएशन येत होतं. ते पत्र्याचं होतं. रात्री अकरालाही खोली ३६.५ वर आणि अंगण ३१ वर. म्हणजे शरीराला निवायला रात्रसुद्धा मिळत नव्हती. आणि हवा चाळिशीपलीकडे गेली की पंखासुद्धा भरवशाचा राहत नाही, तो गरम हवाच अंगावर टाकतो.

आकडे घेऊन मी अम्मीकडे गेलो. म्हणालो, उरलेले रोजे नंतर ठेव. आजारी माणसाला सवलत आहे, कजा करता येतात, हे तूच आम्हाला शिकवलंस. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती.

“तेरे डब्बे में मेरा रोजा नापता क्या रे?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी डिस्प्ले तिच्यासमोरून बाजूला घेतला. थोड्या वेळाने तिनेच विचारलं, “अठ्ठावन्न म्हणजे किती?” मी म्हणालो, “चहा पिताना कप जितका गरम लागतो, साधारण तितका पत्रा.” ती काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशी सेहरीला उठली तेव्हा तिने स्वतः रोज्याची नियत केली नाही. आम्हाला वाढलं, नमाज पढली आणि हळूच पाण्याचा तांब्या जवळ ओढला. सहा रोजे तिने सोडले. पुढे थंडीत पुरे केले.

दरम्यान मी आणि आपाच्या मुलाने पत्र्यावर चुना मारला. चुन्यात थोडा गोंद घातला, म्हणजे वाऱ्याने भुकटी उडत नाही. दोन हात दिले. अहमदाबादेत २०१० च्या उष्णतेच्या लाटेनंतर, २०१३ साली शहराचा उष्णता आराखडा तयार झाला आणि पुढे तिथे गरीब वस्त्यांच्या छपरांना पांढरा रंग देण्याचं काम झालं, ते मी वाचलं होतं. आतून पत्र्याखाली वीतभर जागा सोडून जुन्या चादरी ताणून बांधल्या. सोलापुरात चादरींना काय तोटा. अम्मीचं काम पहाटे सेहरीनंतर ते दहापर्यंत आणि मग संध्याकाळी अंगणात, असं वाटून घेतलं.

आठवड्याने, तसंच ऊन असताना, दुपारी तीनला पुन्हा पाहिलं. पत्रा ४७. चेंडू ४१.५. हवा ३९.४. थंड नाही म्हणता येणार. पण चेंडूत चारेक अंशांचा फरक पडला, आणि हा फरक किरणोत्साराच्या ठोक्यांसारखा आपोआप पडणारा नव्हता. चार दिवस लागोपाठ तोच होता. शेवटच्या दहा रोज्यांत अम्मी पुन्हा रोजे ठेवू लागली. मी रोज असरला चेंडू बघायचो, मग तिचा चेहरा.

ईद ५ जूनला झाली. शिरखुर्मा घेऊन मी चाचांच्या घरी गेलो. ईदच्या दिवशी कुणी दार लावत नाही. त्यांनी गळाभेट घेतली, वाटी हातात घेतली आणि बराच वेळ वर बघत राहिले. त्यांचीही मागची खोली पत्र्याची. त्यांच्या सुनेचं बाळंतपण जवळ आलं होतं.

“ते गर्मीचं मशीन,” चाचा म्हणाले, “आमच्याकडे दोन दिवस लावशील का?”

लावलं. त्यांचा आकडा आमच्यापेक्षा वाईट निघाला. या वेळी त्यांनी एकही आकडा निवडायला सांगितलं नाही. सगळे एका कागदावर लिहून घेतले आणि संध्याकाळी चुन्याची पोती आणायला गेले.

तेव्हापासून दर वर्षी मार्च उजाडला की आमच्या गल्लीत चुना मारायचं काम निघतं, कारण पावसाळ्यात तो धुऊन जातो. शेजारपाजारची पोरं काळे चेंडू घेऊन घरोघर फिरतात. मी त्यांना सोल्डरिंग शिकवतो. मामूंच्या दुकानात महिन्यातून एकदा रेडिएशनचा डबाही नेतो.

तो डबा अजून नीट चालतो. फक्त वाजत नाही. एका पोराने परवा विचारलं, “चाचा, यात बझर आहे की. तारा कशाला कापल्यात? मी जोडू का? पाच मिनिटांचं काम आहे.”

मी म्हणालो, “राहू दे. आकडा दिसतो ना.”

पाच मिनिटांचंच काम आहे. इतकी वर्षं झाली.